सहा नंबरचा कागद

सांगली, ९ जून १९९७

ती. विनोदिनीमावशीस पुष्करचा नमस्कार.

आई परवा म्हणाली, काम असल्याशिवाय हा काही माझ्या मावसबहिणीला पत्र लिहायचा नाही. तिचं बरोबर आहे. काम आहे.

दवाखान्यात दाब मोजायचं नवं मशीन घेतलं. तू मुंबईच्या हॉस्पिटलात बावीस वर्षं जी तपासणी केलीस तीच. फक्त आता रेघ कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटते आणि शेवटी सॉफ्टवेअर स्वतःच निकाल छापून देतं. पेशंटला मी समजावून सांगतो की, पेन्सिलीपेक्षा बारीक नळी गुदद्वारातून आत जाईल, तिथले स्नायू एरवी किती घट्ट असतात आणि मुद्दाम आवळल्यावर किती, ते मोजेल. नळीच्या टोकाला फुगा असतो. तो फुगवला की आतला स्नायू आपोआप सैल पडायला हवा, म्हणजे रेघ खाली यायला हवी. माणसं मान डोलावतात आणि दुसऱ्या दिवशी येत नाहीत. तरी वीस जणांची तपासणी झाली आहे.

माझ्या मनात असं आहे की, निकालाचा भाग काढून नुसत्या रेघांचे कागद तुला पाठवावेत. तू तुझ्या डोळ्यांनी वाच. मग तुझं वाचन आणि सॉफ्टवेअरचं वाचन शेजारी ठेवून बघू, कुठे जुळतं आणि कुठे नाही. डिसेंबरात पुण्याला सर्जन लोकांची परिषद आहे, तिथे मांडता येईल. आपल्या भागात हे कागद वाचू शकणारं तुझ्याशिवाय कुणी नाही. वाचशील का?

पुष्कर

सातारा, १७ जून १९९७

चि. पुष्कर,

वाचीन. निवृत्त झाल्यापासून मी फक्त वर्तमानपत्रातली कोडी सोडवते, आणि त्यांची उत्तरं दुसऱ्या दिवशी छापून येतात. त्यात काय मजा.

पण कागद पूर्ण लांबीचे पाठव. पहिली वीतभर रेघ कंटाळवाणी असते म्हणून लोक ती कापून टाकतात, तसं करू नकोस. नावं नकोत, वय आणि बाई की पुरुष एवढं पुरे. आणि तपासणी चालू असताना माणूस खोकला, हसला, रडला, तर ते कागदाच्या कडेला पेन्सिलीने लिहायला तुझ्या टेक्निशियनला सांग.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. मुंबईला मी कागद वाचायचे तेव्हा तो माणूस माझ्यासमोर कुशीवर झोपलेला असायचा. त्याची पाठ ताठ झाली की मला कळायचं, हा घाबरलाय, म्हणून रेघ वर गेली. तुझ्या कागदांबरोबर माणूस येणार नाही. तेव्हा माझ्या वाचनाला मुंबईच्या वाचनाइतकी किंमत देऊ नकोस.

आईला सांग, तिचं लोणचं संपलं.

विनोदिनीमावशी

सांगली, २२ जुलै १९९७

ती. मावशीस,

वीस कागद मिळाले. तुझं अक्षर अजून छापल्यासारखं आहे. विसांपैकी सोळा ठिकाणी तू आणि कॉम्प्युटर एकमेकांशी सहमत. चार ठिकाणी नाही, आणि खरं सांगू, मला त्या चारांचाच आनंद झाला.

सहा नंबरचंच बघ. कॉम्प्युटर म्हणतो, एरवीचा दाब चाळीस, म्हणजे कमी. तू लिहिलंस बासष्ट, चांगला. या गृहस्थांना वर्षभर गुदद्वाराच्या भेगेचा त्रास. संडासला जायचं म्हटलं की डोळ्यांत पाणी. मलमं झाली, गरम पाण्यात बसणं झालं. आतल्या स्नायूचे थोडे धागे कापले की ताण सुटतो आणि भेग भरते. पण दाब आधीच कमी असेल तर तो स्नायू कापून चालत नाही, मग माणसाला धरवत नाही. कॉम्प्युटरचं ऐकलं असतं तर मी हातच लावला नसता. तुझा आकडा धरला आणि गेल्या गुरुवारी ऑपरेशन केलं. दुसऱ्या दिवशी दुखणं गेलं. घरी जाताना ते माझा हात सोडेनात.

सोबत पुढचे वीस कागद पाठवतोय, एकवीस ते चाळीस. आईने लोणच्याची बरणी दिली आहे, ती पार्सलात फुटेल म्हणून कुणाबरोबर तरी पाठवतो.

पुष्कर

सातारा, २४ ऑगस्ट १९९७

चि. पुष्कर,

उशीर झाला. एक महिना वीस कागदांना लागायला नको होता, पण या वेळी मी रोज दोनच वाचले. दोनांनंतर माझं लक्ष रेघेवरून निसटतं, हे मला पहिल्या विसांच्या वेळी कळलं.

एकतीस नंबर. मुलगी, वय नऊ. टेक्निशियनने कडेला काहीच लिहिलेलं नाही, पण ती मुलगी पहिल्यापासून शेवटपर्यंत रडते आहे. रेघ सगळी कंगव्याच्या दातांसारखी आहे. फुगा तीनदा फुगवला, तीस, चाळीस आणि साठ मिलिलिटर. तिन्ही वेळा स्नायू सैल पडल्याचं दिसत नाही. कॉम्प्युटरने ‘प्रतिक्षेप नाही’ असं छापलं असणार. मी लिहिलंय, ‘सांगता येत नाही’. तुझ्या तक्त्यात त्याला रकाना नसेल तर एक आखून घे.

प्रतिक्षेप नाही म्हटलं की तू जन्मजात दोष धरणार, आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नाहीत असं म्हणणार, आणि तिच्यावर मोठं ऑपरेशन करणार. म्हणून हे सविस्तर लिहिते. घाई करू नकोस.

सहा नंबरचे गृहस्थ कसे आहेत? भेग भरली का?

विनोदिनीमावशी

सांगली, ३ सप्टेंबर १९९७

ती. मावशीस,

कागद मिळाले. आभार.

एकतीस नंबरबद्दल. मुलगी कवठे महांकाळची आहे, नाव अर्फा. वडील लियाकत, शिवणकाम करतात. लहानपणापासून आठ-आठ दिवस संडास होत नाही, आणि मग नकळत कपडे खराब होतात. वर्गातल्या मुली शेजारी बसेनात, म्हणून दिवाळीपासून शाळा सुटली. आतड्याचा तुकडा तपासायला घेतला होता, तो वरवरचा आला. पॅथॉलॉजिस्टने ‘यावरून काही ठरवता येत नाही’ लिहून दिलं. राहता राहिली ही तपासणी, आणि तिचा निकाल स्पष्ट आहे. पंधरा तारखेला आधी पोटावर वाट काढून पिशवी लावणार, तीन-चार महिन्यांनी खराब भाग काढणार. आई-वडिलांना समजावलं आहे, त्यांची तयारी आहे.

‘सांगता येत नाही’ यावर मला निर्णय घेता येत नाही, मावशी. दुसरंही एक सांगायला हवं. पहिल्या विसांतले पाच कागद मी दुसऱ्या गठ्ठ्यात नवे नंबर घालून पुन्हा पाठवले होते. अशा अभ्यासात तशी पद्धत असते. कॉम्प्युटरची पाचही उत्तरं दोन्ही वेळा तीच आली. तुझी तीन तीच आली, दोन वेगळी.

हे तुला दुखवायला लिहीत नाही. पण यापुढे मी मशीनच्या निकालाप्रमाणे जायचं ठरवलं आहे.

पुष्कर

सातारा, ८ सप्टेंबर १९९७

चि. पुष्कर,

तुझं पत्र शनिवारी आलं. मी ते वाचून घडी घातलं आणि देवघरात दिवा लावायला गेले. परत आले तेव्हा पहिला राग गेला होता. आधी सांगितलं असतंस तर मी नाही म्हटलं नसतं, पण मग मी सावध झाले असते आणि परीक्षेला अर्थ राहिला नसता. तुझी पद्धत योग्य आहे.

मी स्वतःसाठी प्रत्येक कागदाचं टिपण ठेवलं आहे. रात्रभर नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात ती सगळी काढून बसले. माझी दोन उत्तरं कुठली वेगळी आली ते मला सापडलं. एक किरकोळ आहे. दुसरं नाही. सहा आणि अठ्ठावीस हा एकच कागद आहे. वय अठ्ठावन्न, पुरुष, मध्यावर लागोपाठ तीन खोकले. अठ्ठावीसला मी लिहिलं, चाळीस. सहाला लिहिलं होतं, बासष्ट.

कारणही सापडलं. नळी आत घालण्याआधी उघड्या हवेत धरतात तेव्हा रेघ शून्यावर हवी. त्या दिवशी ती बावीसवर होती. सगळ्या आकड्यांतून बावीस वजा करायला हवे होते. कॉम्प्युटर ते दर वेळी आपोआप करतो. अठ्ठावीसच्या वेळी मी केले. सहाच्या वेळी ती पहिली वीतभर रेघ मी पाहिलीच नाही. ती कापू नकोस असं तुला बजावणारी मीच.

म्हणजे तिथे मशीन बरोबर होतं आणि मी चुकले, आणि माझा आकडा धरून तू स्नायू कापलास. मी तुला त्यांच्याबद्दल विचारलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस. ते बरे असते तर दिलं असतंस, असं मला वाटतं. काय झालं ते लिही.

आता त्या मुलीचं. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस, ठीक आहे. ती रेघ पुन्हा काढ आणि विश्वास तुझ्या डोळ्यांवर ठेव. मशीन दोन्ही वेळा तेच सांगतं, कारण त्याच्यासमोर दोन्ही वेळा तोच कागद आहे. त्या दिवशी जी तपासणी झाली तीच अपुरी होती, आणि ती शंभरदा वाचली तरी अपुरीच राहणार. वर्षानुवर्षं मळ साठून तिचा गुदाशय ताणून मोठा झाला असेल. साठ मिलिलिटरचा फुगा त्यात हरवून जातो, भिंतींना लागतच नाही. आधी तीन दिवस एनिमा देऊन पोट पूर्ण साफ कर. तपासणीच्या वेळी आईला जवळ बसव. फुगा तिच्या हातात दे, तिलाच बाहेर फुगवून बघू दे. ‘थांब’ म्हटलं की थांबायचं, हे तिला सांग आणि खरंच थांब. रडणं थांबेपर्यंत रेघ काढूच नकोस. आणि फुगा साठवर सोडू नकोस, टप्प्याटप्प्याने वाढवत ने. एवढं करूनही रेघ खाली आली नाही, तर पंधराला खुशाल ऑपरेशन कर. मी एक अक्षर बोलणार नाही.

विनोदिनीमावशी

सांगली, २१ सप्टेंबर १९९७

ती. मावशीस साष्टांग नमस्कार.

पंधराला ऑपरेशन केलं नाही. त्या दिवशी पुन्हा तपासणी केली.

तू सांगितलंस तसं सगळं केलं. तीन दिवस एनिमा दिले. इतका मळ निघाला की नर्स मला बोलवायला आली. सोमवारी सकाळी अर्फा खोलीत आली तीच भिंतीला चिकटून. आधीच्या वेळी टेक्निशियनने तिचे पाय धरले होते. हे मला तिच्या आईने, साबेराने, तेव्हा सांगितलं. मी विचारलं नव्हतं, म्हणून आधी तिने सांगितलं नाही. टेक्निशियनला बाहेर पाठवलं. फुगा आणि पिचकारी अर्फाच्या हातात दिली. तिने तो चार वेळा फुगवला, सोडला, मग आईच्या गालाला लावून बघितला. पाऊण तास गेला. बाहेर पेशंट खोळंबले होते. मग ती आपण होऊन टेबलावर कुशीवर झोपली आणि मला म्हणाली, “थांब म्हटल्यावर थांबायचं.”

मी म्हटलं, “थांबेन.”

तीस, साठ, नव्वद. रेघ सरळ. माझ्या मनात आलं, मशीनच बरोबर. एकशेवीसला तिने थांब म्हटलं. थांबलो. साबेरा तिच्या केसांतून हात फिरवत होती. दोन मिनिटांनी अर्फानेच मान हलवली. एकशेपन्नासला रेघ किंचित हलली, आणि एकशेऐंशीला ती अशी खाली आली की आंधळ्यालाही दिसावी. त्याच क्षणी ती म्हणाली, “आता आलंय.” एवढे दिवस तिला संडासची जाणीवच उशिरा होत होती, मावशी. पुन्हा दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा खाली.

तपासणी संपल्यावर सॉफ्टवेअरने छापलं, ‘प्रतिक्षेप नाही’. ते पहिले तीनच फुगे मोजतं. लहान मुलांसाठी तशी रचना करून ठेवलेली आहे, आणि ती बदलता येते हे मी कधी वाचलंच नव्हतं. मी त्या ओळीवर पेनाने काट मारली आणि खाली सही केली.

आता औषध चालू आहे, जेवणानंतर दहा मिनिटं बसायची सवय, पायाखाली पाट. सहा महिने लागतील, कदाचित वर्ष. साबेराने एकच विचारलं, “डॉक्टर, मग पोट फाडायचं न्हाई ना?” मी नाही म्हटलं. तिने अर्फाला जवळ ओढून घेतलं. लियाकत बाहेर व्हरांड्यात उभे होते, त्यांना सांगायला मी गेलो.

आता सहा नंबर. तुझा तर्क खरा आहे.

त्यांचं नाव आप्पासो. उंब्रजला हायवेजवळ त्यांचं बी-बियाणं आणि खताचं दुकान आहे. भेग भरली. पण ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यात ते आले आणि खुर्चीवर बसायला तयार होईनात. पातळ झालं की धरवत नाही, वारा धरवत नाही. मी त्यांना म्हटलं, होईल हळूहळू, अशा वयात थोडं होतं. पुढच्या पंधरवड्यात पुन्हा आले. तेव्हाही तेच सांगितलं. नंतर आले नाहीत.

तुला कळवलं नाही, कारण काय लिहावं ते सुचेना. ऑगस्टच्या शेवटी तुझे कागद आले, अठ्ठावीसला तू चाळीस लिहिलेलं पाहिलं, आणि मला तुझा राग आला. स्वतःचा यायला हवा होता. दोन आकडे इतके लांब असताना एकदा पुन्हा मोजून बघावं, हे मला सुचलं नाही. मला तुझा आकडा सोयीचा होता. त्यांचं दुखणं मला लवकर थांबवायचं होतं. आणि मग मी मशीनला धरून बसलो. तुझ्यावर विसंबून फसलो तर आता याच्यावर विसंबू, एवढाच विचार होता त्यात. त्यापायी त्या पोरीच्या पोटावर पिशवी लागली असती.

पुण्याचा निबंध मागे घ्यावा असं वाटतंय.

पुष्कर

सातारा, ३० सप्टेंबर १९९७

चि. पुष्कर,

निबंध मागे घेऊ नकोस. सहा आणि एकतीस हे दोन्ही कागद त्यात घाल, आणि सहाचं वाचन कुणी केलं हे माझ्या नावासकट घाल. लोक विचारतील, मग कोण बरं, माणूस की मशीन. त्यांना तुझे दोन पेशंट सांग. मला दुसरं उत्तर ठाऊक नाही.

तुला न विचारता मी काल उंब्रजला जाऊन आले. एसटीने तासाभराचा रस्ता आहे, आणि तो कुणीतरी महिनाभर आधीच कापायला हवा होता. दुकानात त्यांचा पुतण्या होता. म्हणाला, काका श्रावणापासून दुकानात बसत नाहीत, घरीच असतात, कुणाशी बोलत नाहीत, तापट झालेत. घर मागच्याच गल्लीत. त्यांच्या पत्नीने, बनुबाईंनी दार उघडलं. मी म्हटलं, मी सांगलीच्या डॉक्टरांची मावशी. त्यांनी मला एकदा नीट पाहिलं आणि आत घेतलं.

आप्पासो उभेच होते. मी बसले तरी ते बसेनात. मी सगळं सांगितलं. नळी, रेघ, शून्य कुठे होतं, बावीस वजा करायचे राहिले ते. त्यांनी मध्येच तोडलं नाही. दुकानदार माणूस, काट्यात आधीचं वजन वजा करायचं राहिलं म्हणजे काय होतं, हे त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

मग ते म्हणाले, “म्हंजी मशीन बरुबर सांगत हुतं?”

मी हो म्हटलं.

“आन चुकी तुमची.”

“वाचायची चूक माझी.”

बनुबाई चहाचे कप घेऊन दारातच थांबल्या होत्या. मग आप्पासोंनी जे म्हटलं ते तुला जसंच्या तसं लिहिते. “बाई, दोन म्हैनं मी ह्येच धरून बसलोय की माझंच काय तरी बिघाडलं. वय झालं, आता हे असंच. लेकीकडं बोलवत्यात तर जात न्हाई. ह्या माऊलीला सुदिक जवळ येऊ दिली न्हाई. डॉक्टरबी म्हनला, वयात हुतं. आवं, कुनी येऊन सांगितलं असतं, ह्ये आमच्या हातनं झालं, तर मी मान तरी खाली घातली नसती.”

मी त्यांची माफी मागितली. त्यांनी दिली की नाही, ते मला सांगता येत नाही. त्यांनी चहा घ्या म्हटलं, आणि स्वतः मात्र उभ्यानेच प्यायले.

मग मी त्यांना पुढचं सांगितलं. बाहेरचा स्नायू शाबूत आहे. तो आवळायचा सराव रोज तीन वेळा केला तर बराच फरक पडतो. मुंबईला मी अशी माणसं पाहिली आहेत. पुन्हा तपासणी करावी लागेल, तेव्हा पडद्यावर स्वतःची रेघ बघत बघत आवळायला शिकवता येतं. न जमलं तर शिवण्याचं ऑपरेशन आहे, पण ते नंतरचं. त्यांनी विचारलं, या वेळी कागद कोण वाचणार. मी म्हटलं, पुष्कर आणि मी वेगवेगळ्या खोलीत बसून वाचू, मशीनही वाचेल, आणि तिन्ही आकडे एक झाल्याशिवाय तुम्हाला कुणी हात लावणार नाही. त्यावर ते पहिल्यांदा खाली बसले, बाजेच्या कडेला.

माझ्या वाट्याचं मी त्यांना सांगितलं. तुझ्या वाट्याचं, त्या ‘वयात होतं’चं, मी काही बोलले नाही. ते तू सांगायचं आहेस, आणि नळी हातात घेण्याआधी सांगायचं आहेस.

पुढच्या गुरुवारी, नऊ तारखेला, आम्ही येतो. ते, बनुबाई आणि मी. उंब्रजहून सांगली लांब आहे, त्यांनी सकाळपासून काही खाल्लेलं नसेल, आणि एसटीत अडीच तास बसणं त्यांना किती अवघड जाणार आहे हे ते बनुबाईंनाही सांगणार नाहीत. तुझ्या वेटिंग रूममध्ये समोरासमोर बाकं आहेत, ती भरलेली असतील. तेव्हा मागच्या बाजूचं दार उघडं ठेव, आतला संडास मोकळा ठेव, आणि दाराशी तू स्वतः उभा राहा.

विनोदिनीमावशी